रडलात कुठे, आणि उठलात कुठून

पानिपतच्या क्षेत्रभेटीतल्या तुमच्या सगळ्यांच्या टिपणवह्या वाचून झाल्या. पानोपानी लाल शेरे आहेत, ते आपापले बघून घ्या. पण काही गोष्टी सगळ्यांना एकत्र बसवूनच ऐकवायच्या आहेत, आणि त्या गोड करून सांगायची माझी तयारी नाही.

पानिपतच्या रणभूमीवरच्या काला अंबच्या कुंपणाच्या आत शिरताच भरून आलं, असं तुमच्यातल्या बहुतेकांनी लिहिलंय. विटांचा स्तंभ पाहिला, इथे आंब्याचं झाड होतं आणि रक्त शोषून ते काळं पडलं ही आख्यायिका ऐकली, लढाईची, १४ जानेवारी १७६१ ची ती दुपार डोळ्यांपुढे उभी राहिली आणि अश्रू आवरेनात. एकाने तिथली मूठभर माती रुमालात बांधून आणली. एकीने स्तंभाला कपाळ टेकवलं आणि त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पोचला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘पानिपत झालं’, ‘संक्रांत कोसळली’ असं बोलतच आपण लहानाचे मोठे होतो. तिथे पडलेल्या विश्वासरावाचं, भाऊसाहेबांचं नाव घरातल्या माणसासारखं घेतो. त्या मातीवर उभं राहून घसा दाटला तर त्यात वावगं काही नाही.

माझा राग आहे तो पुढच्या पानांवर. काला अंबसाठी पानंच्या पानं भरलीत. आणि पानिपत शहरात ज्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी तुम्ही दोघं गेलात, ज्यांना सगळी गल्ली बीजी म्हणते, त्यांच्या मुलाखतीची नोंद केवढी? ‘विषय भावनिक झाल्याने मुलाखत आटोपती घेतली.’ एवढंच. एक वाक्य!

मी ते रेकॉर्डिंग ऐकलंय. सुरुवातीला पंख्याची घरघर आहे, आत कुकरची शिट्टी होते. बीजी झंगच्या घराबद्दल बोलताहेत, अंगणातल्या विहिरीबद्दल, वडिलांच्या दुकानाबद्दल. आवाज मोकळा आहे. मग त्या मोठ्या बहिणीचं नाव घेतात आणि थांबतात. तुमच्यातला एकजण विचारतो, ‘फिर क्या हुआ?’ उत्तर नाही. पुन्हा, ‘फिर क्या हुआ, बीजी?’ त्या म्हणतात, ‘चाय पियोगे?’ एवढ्यावर तरी ओळखायचंत. नाही. तिसरा प्रश्न येतो, ‘उस वक्त आपको कैसा लगा?’ त्यावर त्या हळू आवाजात म्हणतात, ‘छड्ड पुत्तर.’ सोड बाळा. आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज, घाईघाईने नमस्ते, जिना उतरतानाची पावलं. आत चहाचं आधण ठेवलेलं आणि तुम्ही निघालात! रेकॉर्डर पिशवीत चालूच राहिलेला. जिन्यात तुमचा आवाज ऐकू येतो, ‘बाप रे, चल इथून, मला नाही सहन होत.’

सहन होत नाही, हे कळण्यासारखं आहे. पण सहन होत नाही म्हणून त्या बाईला तिच्या बहिणीच्या नावासकट तिथेच सोडून आलात? तीन वेळा कुरतडून जी जखम उघडी केली, तिच्यावर हात ठेवायला दोन मिनिटं थांबला नाहीत? चहा तरी प्यायचा होता. त्यांनी चहा विचारला तो तुम्हाला तहान लागली असेल म्हणून नव्हे. गोष्टीतून बाहेर पडायला त्यांना वाट हवी होती. ती वाट त्यांनी स्वतःच काढली, आणि तुम्ही ती पायाखाली तुडवून निघून आलात.

काला अंबला तुम्हाला रडता आलं, कारण तिथलं दुःख तुमच्याकडे काही मागत नव्हतं. २६० वर्षांपूर्वी गेलेली माणसं समोर बसून तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. बीजी बघत होत्या. तिथे रडणं सोपं होतं, इथे बसून राहणं अवघड होतं. अवघड ते टाळलंत आणि सोप्याला संवेदनशीलता म्हणून वहीत मिरवलंत. हे मी खपवून घेणार नाही.

जाण्याआधी तुम्हाला वाचायला दिलं होतं. वाचलं असतं तर कळलं असतं की आपण कोणत्या घरात पाऊल टाकतोय. १९४७ पर्यंत पानिपत हे मुसलमान वस्तीचं मोठं गाव. कवी हाली इथले, लेखक ख्वाजा अहमद अब्बास इथले. नोव्हेंबर १९४७ मध्ये गांधीजी स्वतः इथे आले, मुसलमानांनी घरं सोडू नयेत म्हणून समजावायला. लोक थांबले नाहीत. रिकाम्या झालेल्या घरांत पश्चिम पंजाबातून लुटून, पिटून आलेली कुटुंबं शिरली. बीजींचं कुटुंब त्यातलंच. आणि त्या काळात पळवून नेलेल्या बायकांचा ‘शोध’ दोन्ही सरकारांनी घेतला. भारताने १९४९ मध्ये त्यासाठी कायदाच केला. त्या कायद्यात बाईला स्वतःला परत यायचं आहे की नाही, या प्रश्नाला फारशी किंमत नव्हती. उर्वशी बुटालिया, रितू मेनन, कमला भसीन यांनी नंतर या बायकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून जे लिहिलं, त्यातही किती जागी माणसं बोलता बोलता गप्प झाली आहेत ते बघा. अंमलदार, पोलीस, छावणीतले कारकून या सगळ्यांनी आधीच विचारून झालेला प्रश्न तुम्ही पुन्हा विचारलात: मग पुढे काय झालं? ज्या घरात बहिणीचं नाव सत्तर वर्षं हळू आवाजात घेतलं गेलं, तिथे या प्रश्नाला धार असते. तुम्ही तो बाजारभाव विचारल्यासारखा टाकलात.

आता दुसरं प्रकरण. ते स्वतःला पानिपतच्या मराठ्यांचे वंशज म्हणवणाऱ्या रोड समाजाच्या गावातलं.

तिथे तुमच्या दोन तुकड्या गेल्या, आणि दोघांनी दोन टोकांना जाऊन घोळ घातला. पहिल्या तुकडीतला एकजण तिथल्या वडीलधाऱ्या ताऊंच्या हुक्क्याशेजारी बसून त्यांना काय सांगून आला? की २०१८ मध्ये एक जनुकीय अभ्यास छापून आलाय, त्यात रोड समाजाचा वारसा उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशाशी जास्त जुळतो. वर ब्रिटिश अधिकारी इबेट्सनचा हवालाही दिलात, की ब्रिटिशांच्या १८८१ च्या जनगणनेच्या काळात या समाजाच्या उत्पत्तीची वेगळीच कथा नोंदली गेली आहे, तेव्हा तुम्ही स्वतःला मराठे कसे म्हणवता? आणि वहीत लिहिलंत, ‘प्रतिसादक चिडला.’

ते चिडणार नाहीत तर काय करतील? ते ताऊ दरवर्षी १४ जानेवारीला काला अंबवर शौर्य दिनाला जातात. महाराष्ट्रातून येणाऱ्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था बघतात. पानिपतावरून परत न जाता इथल्या जंगलात लपलेल्या सैनिकांचे आपण वंशज, ही गोष्ट त्यांच्या घरात कशी सांगितली जाते, कधीपासून, कुणी सांगायची, लग्नकार्यात तिचा काय उपयोग होतो, मुलांना ती कोणत्या वयात कळते, हे समजून घ्यायला तुम्हाला पाठवलं होतं. कोल्हापूरच्या वसंतराव मोऱ्यांनी या लोकांमध्ये फिरून, बसून, त्यांचं बोलणं गोळा केलं. त्यांचे निष्कर्ष मान्य करा किंवा करू नका, ते बसले तरी. तुम्हाला मात्र पहिल्याच भेटीत त्या माणसाची वंशावळ तपासण्याची घाई झाली. जनुकांचा अभ्यास चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो वाचा, प्रबंधात त्यावर चर्चा करा. पण ज्याच्या ओसरीवर ताक पिताय त्याच्या आजोबांवर त्याच बैठकीत संशय घ्यायचा, आणि त्याचा चेहरा उतरला की ‘चिडला’ अशी नोंद करायची? तुमच्या हातून काय घडलं, ते वहीत कुठे आहे? त्यांचा चेहरा उतरल्यावर तुमच्या पोटात काही हललं की नाही? हललं असेल तर ते लिहिलं का नाही? नसेल हललं, तर तेही लिहायला हवं होतं.

दुसऱ्या तुकडीने तर मिठ्याच मारल्या. ‘आपलं रक्त एकच’, ‘पुण्याला या, आमच्या घरी उतरा’, ‘तुमच्या मुलांच्या शिक्षणाचं आम्ही बघू.’ कोणाच्या जिवावर बघणार? २०२१ च्या ऑगस्टमध्ये खंडरा गावच्या नीरज चोप्राने टोकियोत भालाफेकीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा महाराष्ट्राला एकाएकी या समाजाची आठवण झाली. हारतुरे, सत्कार, भाषणं झाली, आणि त्यातली किती माणसं पुन्हा त्या गावांकडे वळली, ते तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. आता तुमची आश्वासनं त्यात जमा होतील. एका आजींनी तुमच्यातल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ‘अब तो अपनी बेटी आती रहेगी’ म्हटलं, ते तू मोठ्या कौतुकाने वहीत लिहिलंस. येत राहणार आहेस का? मला उत्तर नको, त्यांना द्यायचं आहे. भावनेच्या भरात दिलेला शब्द हे भावनिक काम नव्हे. ते कर्ज आहे, आणि तुमचं सत्र संपलं तरी ते फिटत नाही.

आणि दुसऱ्याच्या दुःखापुढे कसं वागायचं, हे पुण्यालाही ठाऊक होतं. पानिपताचं दुःख पुण्याला नवीन नाही. निदान तुम्हाला तरी मी हे शिकवलंय. त्या दिवशी रणांगणातून जी माणसं निसटली त्यांत भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. नवऱ्याचा मृत्यू त्यांनी कधीच मान्य केला नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या त्या सौभाग्यवती म्हणूनच. मधल्या बावीस वर्षांत भाऊसाहेबांचा तोतया निघाला, त्याच्यामागे माणसं जमली, बंड झालं, १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला, तरी बाईंच्या कपाळाचं कुंकू कुणी पुसलं नाही. एवढं सगळं राजकारण पेशव्यांच्या ज्या वाड्यात चाललं, त्या वाड्याला इतकं भान होतं की या बाईसमोर पुरावे मांडत बसायचं नाही. तुमच्या हाती रेकॉर्डर असता तर तुम्ही त्यांना काय विचारलं असतंत, हे आता माझ्या लक्षात येतंय आणि अंगावर काटा येतोय.

आणि याच संदर्भात एक राहिलेली गोष्ट. त्या दिवशी मराठ्यांच्या छावणीत हजारो बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे होते. लढाई संपल्यावर बायका-मुलं पकडली गेली, गुलाम म्हणून नेली गेली. जे वाचले त्यांतल्या कितीतरी जणांना सूरजमल जाटाच्या राज्यात अन्नवस्त्र मिळालं. तुमच्या काला अंबच्या पानांत शौर्य आहे, घोडे आहेत, जरीपटका आहे. एका तरी पानावर त्या बायका आहेत का? मी शोधल्या. नाहीत. १७६१ च्या बायका दिसल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी बीजींच्या समोर बसताना तुमचं तोंड थोडं जपून उघडलं असतं.

आता तुझ्याबद्दल. होय, तूच, जी माझ्या नजरेला नजर न देता मागच्या बाकावर बसली आहेस. बीजींच्या घरून आल्यावर तू जेवली नाहीस, हे मला मुक्कामाच्या घरच्या बाईंनी सांगितलं. रात्री गच्चीवर फेऱ्या मारत होतीस, हे तुझ्या मैत्रिणीने सांगितलं. तू मला फोनवर काय सांगितलंस? ‘सगळं छान चाललंय, मॅडम.’ हे खोटं तू माझ्याशी बोललीस, आणि वहीशीही. तुझ्या वहीत त्या दिवसानंतर फक्त तारखा आणि गावांची नावं आहेत.

लक्षात घे, माझा सगळ्यात मोठा राग याच्यावर आहे. मुलाखतीत दुःख ऐकून झोप उडणं हा कमकुवतपणा नाही आणि ते दडपणं हे धैर्य नाही. तू ऐकलंस ते अंगात शिरणारच. माणसाच्या गोष्टीतून माणूस कोरडा बाहेर पडत नाही. पण ते अंगात ठेवून तू पुढच्या घरी गेलीस, आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीत अवघड विषय निघाला की तू प्रश्न बदललेला मला दिसतोय. म्हणजे तुझ्या न सांगितलेल्या भीतीने तुझं सगळं साहित्य वाकवलं. निरीक्षकाची चिंता अभ्यासात लपून काम करते, तिला उघडं पाडणं हाच पद्धतीचा भाग आहे, हे मानवशास्त्रज्ञ जॉर्ज देवेरो यांनी १९६७ मध्येच एक जाडजूड पुस्तक लिहून सांगितलं. त्याच वर्षी मालिनोव्हस्कीची खासगी दैनंदिनी त्याच्या मृत्यूनंतर छापून आली आणि सगळं मानवशास्त्र हादरलं. ज्या माणसाने जगाला क्षेत्रकार्य शिकवलं, तो रात्री वहीत एकटेपणा, चिडचिड, बेटावरच्या माणसांबद्दलचा तिरस्कार लिहीत होता, आणि त्याच माणसांबद्दलची पुस्तकं त्याने पुढे शांतपणे रचली. त्याला निदान वहीशी खरं बोलता आलं.

मानवशास्त्रज्ञ रेनातो रोसाल्डोचं प्रकरण मी वर्गात सांगितलं होतं, तेव्हा तुमच्यातले दोघं फोनमध्ये होते. फिलिपिन्समधल्या इलोंगोत लोकांनी त्याला सांगितलं होतं, की आप्त गेल्याच्या शोकात संताप उसळतो, म्हणून आम्ही शीर कापायला जायचो. त्याला ते पटेना. कितीतरी वर्षं तो त्यामागे आणखी काही खोल कारण शोधत बसला. १९८१ मध्ये त्याची पत्नी मिशेल फिलिपिन्समध्येच क्षेत्रकार्यावर असताना कड्यावरून पडून गेली. तिच्या देहापाशी पोचल्यावर त्याला पहिला आला तो राग. मग त्याला त्या म्हाताऱ्यांचं वाक्य कळलं. हे मी तुम्हाला करुण गोष्ट म्हणून सांगितलं नव्हतं. समोरच्या माणसाचं बोलणं आपल्या आत जिथे लागतं किंवा लागत नाही, ती जागा नोंदवून ठेवायची असते, हे कळावं म्हणून सांगितलं होतं.

आणि परदेशी नावं नको असतील तर आपल्या मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे आहेत. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या, आनंदाने चालल्या, आणि एकाच दिंडीत जातीनुसार वेगवेगळी जेवणं होतात हे पाहून त्यांना जे दुखलं ते त्यांनी त्याच लेखात लिहिलं. लपवलं नाही, त्याचं प्रदर्शनही केलं नाही. दुखलं, कशाने दुखलं, आणि त्या दुखण्यातून महाराष्ट्राबद्दल काय कळलं, हे एका दमात. याच इरावतीबाईंनी पुढे कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी केली. घर बुडालेल्या माणसापुढे प्रश्नावली घेऊन बसण्याचं काम त्यांनी उतारवयात केलं. हे सगळं तुमच्याच शहरातल्या बाईंनी केलेलं आहे. ग्रंथालय तुमच्या वसतिगृहापासून लांब नाही.

काही नियम मी जाण्याआधी तुम्हाला तोंडपाठ करायला लावले होते. एका दिवसात एकच जड मुलाखत, दुसरी हलकी. संध्याकाळी जोडीदाराशी बसून तासभर बोलायचं, मुलाखतीबद्दल नव्हे, स्वतःबद्दल. समोरचा माणूस चहा, पाणी, मांजर, पाऊस, कशाचंही नाव काढून विषय बदलत असेल तर त्याच्यामागे जायचं, प्रश्नाच्या मागे नाही. रेकॉर्डर बंद करून दाखवायचा, त्यांच्या समोर, त्यांना दिसेल असा. जाण्याआधी विचारायचं की हे बोलणं आम्ही वापरू का. बीजींच्या बाबतीत यातला एकही नियम पाळला गेला नाही. एकाच दिवशी तीन घरं उरकलीत, कारण परतीची गाडी चुकवायची नव्हती.

तर आता ऐका. बीजींचं रेकॉर्डिंग कोणीही ऐकणार नाही, त्याचा उतारा होणार नाही. ते ठेवायचं की पुसायचं हे त्या ठरवतील. तुम्ही दोघांनी आज संध्याकाळी त्यांच्या नातसुनेला फोन करायचा, आधी तिला विचारायचं की बीजी कशा आहेत, मग बीजींशी बोलायचं. माफी मागताना रडायचं नाही, नाहीतर त्यांनाच तुमची समजूत काढावी लागेल. त्यांनी बोलावलं तर जायचं, तिकिटाचं मी बघते. नाही बोलावलं तर पुन्हा विचारायचं नाही. ताऊंना पत्र जाईल, हाताने लिहिलेलं, हिंदीत. त्यात वंशावळीबद्दल एक अक्षर नको. तुम्ही त्यांच्या घरी काय शिकायला आला होतात ते नीट सांगा आणि पुन्हा यायची परवानगी मागा. ज्यांनी शिक्षणाची, पाहुणचाराची आश्वासनं दिली आहेत त्यांनी त्याची यादी मला द्यायची, आणि प्रत्येकासमोर आपण नेमकं काय करू शकतो ते लिहायचं. जमणार नसेल ते त्या घरी तसं सांगायचं, टाळायचं नाही.

आणि तू. वर्ग संपल्यावर थांब. जेवण माझ्याबरोबर. विभागाच्या समुपदेशकाशी मी बोलले आहे, त्या उद्या दुपारी तुला भेटतील. वही घेऊन ये. गच्चीवरची ती रात्र अजून लिहायची राहिली आहे, ती तू लिहिल्याशिवाय पुढच्या क्षेत्रभेटीच्या यादीत तुझं नाव मी घालणार नाही.